लेखणीची हजेरी

लेखक जन्मावा लागतो, तो घडवून घडत नाही, हे मत आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. सुतार, जोडारी, विणकर हे हत्यार हाती धरून घडतात, हे आम्ही रोज पाहतो. मग कथाकारच तेवढा आभाळातून कसा पडतो? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही एका मजुराच्या चरित्रात शोधले. तो मजूर म्हणजे अमेरिकन कादंबरीकार जॅक लंडन.

लंडनचा जन्म १८७६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे, गरिबीत झाला. ओकलंडचे सार्वजनिक ग्रंथालय हीच त्याची खरी शाळा. पोरवयातच तो डबाबंद खाद्याच्या कारखान्यात तासाला १० सेंट मजुरीवर राबू लागला. पुढे सील प्राण्यांच्या शिकारीच्या गलबतावर त्याने जपानच्या किनाऱ्यापर्यंत सफर केली, आणि परत येऊन तो तागाच्या गिरणीत लागला. मजुरी तीच, १० सेंट. दहा तासांचा एक डॉलर. १८९३ साली एका वृत्तपत्राने लेखनस्पर्धा जाहीर केली. लंडनने रात्री जागून समुद्रातील वादळाचे वर्णन लिहिले आणि त्यास २५ डॉलरांचे पहिले बक्षीस मिळाले. म्हणजे गिरणीतील पंचवीस दिवसांची मजुरी! दुसरे व तिसरे बक्षीस विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या वाट्यास गेले.

येथे कोणी म्हणेल, पाहा, उपजत प्रतिभा ती हीच! परंतु ह्या बक्षिसानंतर त्याची पहिली कथा मासिकात स्वीकारली जाण्यास पाच वर्षे लागली. लेखकाचा खरा इतिहास ह्या पाच वर्षांत आहे.

१८९७ साली विद्यापीठ अर्धवट सोडून त्याने लेखनाचा धडाका लावला. मेहुण्याचे एक जुने टंकयंत्र होते. मेहुणा ते दिवसा वापरी, रात्री ते लंडनला मिळे. यंत्र असे की त्यातून फक्त मोठी अक्षरे उमटत, आणि कळा इतक्या कठीण की बोटांना फोड येत. लिहिलेले सारे साभार परत आले. पैसे संपले, तेव्हा तो एका विद्यालयाच्या लाँड्रीत लागला. जेवून-राहून महिना ३० डॉलर. जाताना त्याने पुस्तकांची पेटी बरोबर नेली होती. दिवसभर कपडे धुऊन आणि इस्त्री करून रात्री पुस्तक उघडले की त्याचा डोळा लागे. पेटी तशीच राहिली.

ह्या पेटीकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

त्यानंतर सोन्याच्या शोधात तो क्लोंडाइकला गेला आणि १८९८ साली रिकाम्या हाताने परतला. सायकल, रेनकोट गहाण पडले. टपाल खात्याची परीक्षा तो उत्तीर्ण झाला, पण बोलावणे आले तेव्हा त्याने नोकरी नाकारली. ह्या काळात तो लेखन शिकला ते कारागिराच्या रीतीने. मासिकांत छापून आलेल्या कथा घेऊन त्यांचे सांधे कसे जुळविले आहेत हे तो पाहू लागला. किपलिंगची वाक्ये त्याने अभ्यासली. हर्बर्ट स्पेन्सरच्या शैलीवरील निबंधातून शब्दांची काटकसर उचलली. आणि मस्टर ठेवले: रोज हजार शब्द, आठवड्याचे सहा दिवस. एखाद्या दिवशी कमी पडले तर दुसऱ्या दिवशी भरून काढायचे. जास्त झाले तर मात्र ते उद्याच्या हिशेबात धरायचे नाहीत. खाडा माफ नाही आणि आगाऊ जमाही नाही!

१८९९ च्या जानेवारीत एका मासिकाने त्याची कथा छापली. मोबदला फक्त ५ डॉलर. त्याच वर्षी दुसऱ्या एका कथेस ४० डॉलर मिळाले, म्हणजे लाँड्रीच्या महिन्याच्या पगाराहून अधिक. १९०० साली पहिला कथासंग्रह निघाला आणि १९०३ साली 'द कॉल ऑफ द वाइल्ड' ने त्यास जगभर नेले. स्फूर्तीची वाट पाहत बसू नका, टिपणवही जवळ बाळगा, काम करा, असा उपदेश त्याने त्याच वर्षी नव्या लेखकांना केला.

तथापि शिस्तीचे गोडवे गाऊन थांबणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. 'द कॉल ऑफ द वाइल्ड' चे हक्क त्याने प्रकाशकास २००० डॉलरांना एकदाच विकून टाकले. पुस्तक अमाप खपले, पण त्या खपातला वाटा त्यास मिळाला नाही. पुढे शेतीवाडी वाढली, कर्ज वाढले, आणि हजार शब्दांची हजेरी नगावरच्या मजुरीसारखी होऊन बसली. कथाबीजे सुचेनात, तेव्हा तरुण सिंक्लेअर लुइसकडून तो ती विकत घेऊ लागला. सोळा-सतरा वर्षांत पन्नासच्या आसपास पुस्तके लिहून १९१६ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो वारला. जी शिस्त माणसास घडविते, तीच विसाव्यावाचून त्यास पिळून काढते.

आता त्या पेटीकडे वळू. लाँड्रीतील लंडन आणि पुढचा लंडन एकच होता. बुद्धी तीच, जिद्द तीच. फरक होता तो तासांचा. ज्यास संध्याकाळ नाही त्यास शिस्तीचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसास पचनाचे नियम सांगणे होय. ह्या अनुभवावर लिहिलेली त्याची 'मार्टिन ईडन' ही कादंबरी १९०९ साली निघाली, तीत लाँड्रीचे हेच दिवस आहेत.

आपल्याकडेही वाङ्मयाच्या इतिहासात हे प्रकरण घालावयास हवे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९० साली रविवारची सुटी मिळवून दिली. १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याची मर्यादा ४८ तासांची होती. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी मुंबईत गिरणीत काम केले, चळवळीत घाम गाळला आणि १९५९ साली 'फकिरा' दिली. अशी माणसे अपवाद म्हणून दाखविण्यात येतात. आमचा प्रश्न निराळा आहे: ज्यांची पेटी बंदच राहिली, अशी किती गेली?

आज कंत्राटी कामगाराची पाळी बारा तासांची असते, हे आम्ही फाटकाबाहेर उभे राहून पाहतो. त्यांतील एखादा तरुण सभेनंतर वही पुढे करतो. आम्ही त्यास दोन गोष्टी सांगतो. रोज लिही, थोडे लिही, पण खाडा करू नकोस, आणि चांगली कथा यंत्रासारखी उघडून पाहा. दुसरी गोष्ट, आठ तासांच्या मागणीवर सही कर, कारण तुझी कादंबरी उरलेल्या तासांतच लिहून होणार आहे.