शोभेची दारू आणि सर्दी

मराठी राज्यातील किल्ल्यांवर दारूगोळा ठेवण्यासाठी स्वतंत्र वास्तू असे. तिला दारूखाना अथवा दारूकोठार म्हणत. रामचंद्रपंत अमात्यांच्या 1716 मधील ‘आज्ञापत्रा’त या वास्तूविषयी काटेकोर सूचना आढळतात. दारूखाना घराजवळ किंवा घराच्या वाऱ्याखाली नसावा, त्याभोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे, तळघरात चुन्याचा गच्च करून त्यावर माच घालावा आणि दारूची मडकी त्या माचावर ठेवावीत, असे अमात्य सांगतात. बाण आणि होके यांची जागा मधल्या घरात. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने समक्ष येऊन माल बाहेर काढावा, त्यास ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावा. परवानगीवाचून कोणालाही आसपास फिरकू देऊ नये, हेही त्यात आहे.

ही दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. कोळसा हवेतील ओल शोषतो. मातीपासून काढलेल्या अशुद्ध सोऱ्यात कॅल्शियमचे क्षार राहिले तर तोही पाणी धरतो. ओलाव्याने सोरा विरघळतो आणि वाळताना त्याचे स्फटिक वेगळे जमतात; मिश्रणाचा एकजीवपणा मोडतो. म्हणूनच एकदा चिंब झालेली दारू पुन्हा कोरडी केली तरी पूर्वीची राहत नाही. अमात्यांचा भर सर्दी लागूच न देण्यावर आहे, तो उगाच नव्हे.

तथापि ऊन देण्याचा तो नियम आजच्या शोभेच्या दारूस लावणे घातक ठरेल. विसाव्या शतकात आतषबाजीत ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांच्या भुकटीचा वापर वाढला. पांढरा लखलखाट त्यांचाच. अशी भुकटी असलेले मिश्रण सर्दाळले की धातू आणि पाणी यांची क्रिया सुरू होते, हायड्रोजन वायू सुटतो आणि उष्णता साठत जाते. बंद डब्यातील ओला माल त्यामुळे ठिणगीवाचूनही पेटू शकतो. ‘सर्द झाली म्हणजे निरुपद्रवी झाली’ हा समज येथे साफ खोटा ठरतो. गंधक आणि क्लोरेट यांचे मिश्रण तर इतके अस्थिर असते की भारतात 1992 च्या अधिसूचनेने त्यावर बंदी घातली गेली.

सांगली जिल्ह्यात हा विषय पुस्तकी नाही. तासगाव तालुक्यातील कवठे एकंद येथे विजयादशमीच्या रात्री ग्रामदैवत सिद्धराजाच्या पालखीपुढे आतषबाजी होते. औट, शिंगटे, झाडकाम ही तेथील नावे. गावातील मंडळे हे दारूकाम पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. दसरा येतो पावसाळ्याच्या शेवटी. म्हणजे तयारीचा काळ नेमका ओल्या हवेचा. याच गावी मे 2015 मध्ये फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. तो महिना मात्र कोरड्या उन्हाळ्याचा होता.

कोरडेपणाचा धोका निराळा असतो. माणदेशातील म्हसवडसारख्या पर्जन्यछायेतील गावी वर्षातील बराच काळ हवा कोरडी असते, तेथे सर्दीची चिंता कमी. पण अशा हवेत नायलॉनचे कपडे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घासल्या गेल्या तरी स्थिर विद्युत साठते, आणि बारीक भुकटीला तिची एक ठिणगी पुरेशी होते. परवानाधारक कारखान्यांत सुती कपड्यांचा आग्रह धरतात तो याचसाठी.

कायद्याच्या दृष्टीने ‘घरगुती दारूकाम’ अशी मोकळीक नाही. 1884 चा स्फोटक कायदा आणि 2008 चे स्फोटक नियम यांनुसार निर्मितीस परवाना लागतो; एका वेळी 15 किलोपर्यंतच्या निर्मितीचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, त्यापुढील परवाने पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेकडून मिळतात. या संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. राहत्या घराची माडी वा देवघराशेजारची खोली साठ्यास चालत नाही.

जुन्या घरात सर्दाळलेला साठा सापडल्यास तो वाळवू नये, फोडू नये, जाळू नये, विहिरीतही टाकू नये. डब्याला हात न लावता खोलीपासून दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे. गंजलेल्या झाकणाचा डबा उघडून पाहण्याचा मोह विशेष टाळावा; झाकणाच्या आट्यांत अडकलेली भुकटी घर्षणानेही पेटते.