श्वास कमी पडतो की जास्त होतो?

परीक्षेची घंटा होते, प्रश्नपत्रिका हाती पडते आणि एखादी मुलगी कावरीबावरी होऊन भराभर श्वास घेऊ लागते. ‘श्वास पुरत नाही,’ म्हणते. हातांना मुंग्या येतात, डोके हलके होते. उलव्याच्या नव्या वसाहतीतली शाळा असो की पनवेलची जुनी, शिक्षकांना हे परिचयाचे आहे. आपण पटकन सांगतो, ‘मोठा श्वास घे!’ हा सल्ला योग्य आहे का? उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) धाप, धडधड आणि छातीत दुखणे अशा तक्रारी घेऊन अनेक सैनिक डॉ. जेकब डा कोस्टा यांच्याकडे आले. हृदयाच्या रचनेत दोष मात्र बहुधा सापडत नसे. अशा ३०० हून अधिक रुग्णांचा अभ्यास त्यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध केला आणि विकाराला ‘चिडखोर हृदय’ म्हटले. संशय हृदयावरच राहिला.

१९०५ मध्ये ऑक्सफर्डच्या जॉन हाल्डेन व प्रीस्टली यांनी वेगळेच दाखवले. विश्रांतीत आपला श्वास मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर चालतो. फुफ्फुसांत हा वायू केवळ ०.२ टक्क्यांनी वाढला, तरी श्वसन सुमारे दुप्पट होते. मग उलटे झाले तर? घाबरून आपण गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला, की हा वायू अतोनात बाहेर पडतो. रक्त किंचित अल्कधर्मी होते, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर आणि मुंग्या येतात. त्याने भीती वाढते, आणि भीतीने श्वास! १९३७ मध्ये केर आणि सहकाऱ्यांनी या लक्षणसमूहाला ‘अतिश्वसन’ हे नाव दिले.

याच काळात इकडेही मोजमाप चालू होते. उलव्याहून पनवेलमार्गे बोरघाट चढला की लोणावळा लागते. तेथे १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले. हे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. पूर्वी अमळनेरला त्यांनी अध्यापन केले होते. प्राणायामाने शरीराला जादा ऑक्सिजन मिळतो, हा समज त्यांनी श्रद्धेवर सोडला नाही. श्वासातल्या वायूंचे पृथक्करण केले. ऑक्सिजन जास्त शोषला जातो, असे दिसले नाही. प्राणायामाचे मोल इतरत्र, विशेषतः मज्जासंस्थेवरील परिणामात शोधावे, असे त्यांनी मांडले. आपल्याच जिव्हाळ्याच्या विषयातला लोकप्रिय दावा मोजून बाजूला ठेवणे, याला आम्ही विज्ञान म्हणतो.

निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तातले हिमोग्लोबिन एरवीही ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेले असते. म्हणून ‘श्वास पुरत नाही’ ही जाणीव खरी असली, तरी ‘ऑक्सिजन कमी पडला’ हा तिचा अर्थ अशा वेळी चुकीचा ठरतो.

पण गोष्ट इथेच संपत नाही. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा उपाय अनेक वर्षे प्रचलित होता. १९८९ मध्ये मायकेल कॅलहॅम यांनी त्यातला धोका दाखवला: खरोखरच ऑक्सिजन कमी असलेल्या रुग्णाच्या जिवावर हा उपाय बेततो. १९९६ मध्ये डच संशोधकांना आढळले, की कार्बन डायऑक्साइड घटू न देताही अनेकांना तीच लक्षणे जाणवतात. म्हणजे रसायनाइतकीच भीतीही महत्त्वाची. मुलीचे ते ‘नाटक’ नव्हे.

मग शिक्षकांनी काय करावे? तिला बसवावे, जवळ थांबावे, शांत आवाजात बोलावे. नाकाने साधा श्वास, आणि सोडताना हळूहळू, लांबवून. असे काही मिनिटे. मात्र हे सारे आधी ‘ही घबराटच आहे’ असे धरून चालते. दमा असेल, छातीतून शिटीसारखा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल किंवा त्रास पहिल्यांदाच होत असेल, तर निदान आपण करू नये, डॉक्टरांना गाठावे. आणि भराभर श्वास घेऊन दाखवण्याचा प्रयोग वर्गात मुळीच करू नये. त्याऐवजी शांत बसलेल्या जोडीदाराचे मिनिटातले श्वास त्याच्या नकळत मोजायला सांगा, मग त्याला सांगून पुन्हा मोजा. नुसत्या लक्ष जाण्यानेही श्वास बदलतो का, हे मुलांनाच शोधू द्या.