अमेरिकी लोकप्रिय गाणी आणि सी. रामचंद्र

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत साप्ताहिक याद्यांत अव्वल ठरणाऱ्या गाण्यांचा ठेका, वाद्यमेळ आणि क्रमवारी लावण्याची रीत, ही तिन्ही हिंदी चित्रपटसंगीतात उतरली. हे वळण घडवणाऱ्यांत संगीतकार सी. रामचंद्र (रामचंद्र नरहर चितळकर, १९१८–१९८२) यांचे नाव आधी घ्यावे लागते.

त्यांचा जन्म नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. नागपुरात त्यांनी शंकरराव सप्रे यांच्याकडे गायनाचे शिक्षण घेतले. वसंतराव देशपांडे हे त्यांचे गुरुबंधू. ‘पाश्चात्त्य ढंगाचा संगीतकार’ असा त्यांचा उल्लेख करताना ही तालीम विसरली जाते आणि त्यांचे काम उसनवारी ठरते. हे अन्यायाचे आहे.

मुंबईत अमेरिकी संगीताची जमीन आधीच तयार होती. १९३५ पासून ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबे, पुढे टेडी वेदरफर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंतांचे ताफे वाजत. गोव्याच्या वादकांनी जॅझ व स्विंग त्यांच्याकडून उचलले. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (अँटोनिओ झेवियर वाझ) पुढे रामचंद्रांचे साहाय्यक झाले. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बाँगो यांचा जो झणझणीत मेळ रामचंद्रांच्या ‘अलबेला’ या चित्रपटात (१९५१) ऐकू येतो, त्यात या गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा आहे, श्रेयनामावलीत मात्र त्यांतल्या बहुतेकांना जागा मिळाली नाही. ‘शहनाई’ (१९४७) व ‘पतंगा’ (१९४९) यांतील गाण्यांनी या शैलीची वाट मोकळी केली होती. ‘समाधी’तील (१९५०) ‘गोरे गोरे’ची चाल मात्र ‘डॉल फेस’ (१९४५) या अमेरिकी चित्रपटात कार्मेन मिरांडाने गायिलेल्या गाण्यावरून सरळ घेतलेली आहे. १९५५ मध्ये बिल हेलीचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ आठ आठवडे अमेरिकेत अव्वल राहिले. दोनच वर्षांनी ‘आशा’तील ‘ईना मीना डीका’ने रॉक अँड रोल हिंदीत रुजवला.

क्रमवारीची रीत रेडिओवरून आली. अमेरिकेत ‘युअर हिट परेड’ हा कार्यक्रम १९३५ पासून चालू होता. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक विक्री, रेडिओ व ज्यूकबॉक्स यांच्या वेगळ्या याद्या छापत असे आणि ४ ऑगस्ट १९५८ पासून त्याची ‘हॉट १००’ ही एकत्रित यादी निघाली. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथल्या इंग्रजी ‘बिनाका हिट परेड’च्या यशातून त्याच डिसेंबरात निवेदक अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिच्या १९५३च्या वार्षिक यादीत अव्वल ठरलेले ‘अनारकली’तील ‘ये जिंदगी उसी की है’ हे गाणे सी. रामचंद्रांचेच होते, चाल भीमपलासीची, आवाज लता मंगेशकरांचा.