काटा म्हणतो दक्षिण, अँटेना भलतीकडेच: हॅम रेडिओच्या रोटेटरचा दिशादर्शक बिघडला तर काय तपासायचं?

हॅम रेडिओ म्हणजे हौशी रेडिओ. सरकारी परवाना आणि स्वतःचं कॉल साइन घेऊन जगभरातल्या इतर हौशी केंद्रांशी थेट बोलण्याचा हा छंद. त्यातले बरेच जण साध्या तारेच्या अँटेनावर समाधानी असतात. पण ज्यांना लांबची, कमजोर केंद्रं ऐकायची असतात ते टॉवरवर यागी अँटेना चढवतात. जुन्या टीव्ही अँटेनाची ही थोरली बहीण. ती एकाच दिशेला झोत टाकते, म्हणून तिला फिरवावं लागतं. हे काम करणारी मोटर म्हणजे रोटेटर.

रोटेटर वर टॉवरवर असतो आणि त्याचा कंट्रोल बॉक्स खाली खोलीत. बॉक्सवरचा मीटर अँटेना कुठे वळली आहे ते सांगतो. हा मीटर खोटं बोलू लागला की सगळं गणित बिघडतं.

दिशा चुकली तर एवढं काय बिघडतं?

मुंबईहून न्यूयॉर्कला संपर्क साधायचा तर अँटेना पश्चिमेला धरून चालत नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग साधारण ३३३ अंशांवर, म्हणजे उत्तरेच्या किंचित डावीकडे निघतो. लंडन ३१९ अंशांच्या आसपास येतं आणि टोकियो ५९ च्या. तीन दांड्यांच्या यागीचा झोत साधारण ६० अंश रुंद असतो. त्यामुळे काटा दहा अंश चुकला तरी शॉर्टवेव्हवर कुणाच्या लक्षातही येत नाही. तीस अंश चुकला की समोरच्याकडे निम्मीच शक्ती पोहोचते. नव्वद अंश चुकला तर वातावरण खराब आहे असं समजून माणूस रेडिओ बंद करून झोपायला जातो. दोष मात्र वर टॉवरवर तसाच राहतो.

उपग्रहांच्या बाबतीत सवलत आणखी कमी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जायला जेमतेम दहा मिनिटं घेतं. तेवढ्यात दिशा शोधत बसायला वेळ नसतो.

यापेक्षा मोठा प्रश्न जिवाचा आहे. मीटर बिघडला की पहिला विचार येतो तो टॉवरवर चढून बघण्याचा. खरं तर दोष खालच्या बॉक्समध्ये आहे, मधल्या केबलमध्ये आहे की वर रोटेटरमध्ये, हे बहुतेक वेळा जमिनीवर उभं राहूनच कळतं. एक मल्टिमीटर आणि दोन रेझिस्टर एवढंच त्यासाठी लागतं.

मीटरला दिशा कळते तरी कशी?

उदाहरण म्हणून हॅम-४ हा रोटेटर घेऊ. अमेरिकेतल्या कॉर्नेल-डुबिलियर कंपनीच्या हॅम-एम या जुन्या मॉडेलचा हा वंशज. पुढे तो हाय-गेन या नावाने विकला जाऊ लागला आणि जगभर पसरला. हाय-गेनची मालकी ज्या एमएफजे कंपनीकडे होती, तिने मे २०२४ मध्ये आपल्या कारखान्यातलं उत्पादन थांबवलं. त्यामुळे हातातला रोटेटर दुरुस्त करून वापरण्याला आता आणखी महत्त्व आलं आहे.

या रोटेटरच्या पोटात ५०० ओहमचा एक पोटेन्शिओमीटर असतो. हॅम मंडळी त्याला नुसतं ‘पॉट’ म्हणतात. रेडिओचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाचा हाच प्रकार. गोल गुंडाळलेल्या तारेवर एक पातं सरकतं, त्याला वायपर म्हणतात. अँटेना फिरते तसा वायपर फिरतो. खालचा बॉक्स पॉटच्या दोन टोकांना सुमारे १३ व्होल्टचा स्थिर डीसी दाब देतो, आणि वायपर जिथे असेल तिथला दाब मीटर दाखवतो. बॉक्समध्ये हा दाब एक झेनर डायोड स्थिर ठेवतो.

वर-खाली जोडणारी केबल आठ तारांची असते. पॉटची दोन टोकं ३ आणि ७ क्रमांकाच्या तारांवर येतात. वायपर १ क्रमांकावर येतो. ही १ क्रमांकाची तार मोटर आणि ब्रेक यांचीही सामाईक तार आहे. पुढची निम्मी चाचणी याच गोष्टीवर उभी आहे.

मीटरची पट्टीही नीट पाहण्यासारखी आहे. मधोमध उत्तर असते, आणि डावं टोकही दक्षिण, उजवं टोकही दक्षिण.

सगळे बिघाड दक्षिणेलाच का जातात?

झेनर शॉर्ट झाला किंवा मीटरचा फ्यूज उडाला, तर मीटरला दाबच मिळत नाही आणि काटा डाव्या टोकाला पडून राहतो. म्हणजे दक्षिण. १ क्रमांकाची तार किंवा वायपर तुटला तरी तेच. पॉटच्या एका टोकाची तार सुटली तर काटा डावीकडे पडतो. दुसऱ्या टोकाची सुटली तर वायपरवर पूर्ण दाब येऊन काटा उजवीकडे जाऊन आदळतो. पुन्हा दक्षिणच! म्हणून या रोटेटरचा काटा बटण दाबूनही दक्षिणेवरून हलत नसेल, तर अँटेना दक्षिणेला आहे असं समजू नये. बहुधा मीटरची साखळीच कुठेतरी तुटली आहे.

या वेळी मोटर आणि ब्रेक चालतात का, हे लक्षात घ्यावं. दोन्ही व्यवस्थित चालत असतील तर १ क्रमांकाची तार शाबूत आहे, कारण त्यांचा करंटही तिच्यातूनच जातो. मग संशय वायपर, ३, ७ किंवा खालच्या बॉक्सवर येतो. मोटर, ब्रेक आणि मीटर तिन्ही एकदम मेले असतील तर आधी १ क्रमांकाचे जोड बघावेत. ब्रेकचं बटण दाबताच काटा थरथरत असेल तरीही पहिला संशय याच तारेच्या कच्च्या जोडावर घ्यावा.

काटा हलतो पण ठरावीक दिशेला आला की उडी मारतो, असंही होतं. हा झिजलेल्या पॉटचा खास स्वभाव. माणूस ज्या दिशेला जास्त बोलतो, त्याच तुकड्यावर वायपर वर्षानुवर्षं घासत राहतो आणि तिथली तार आधी झिजते. काटा उन्हाळ्यात बरोबर आणि पाऊस लागला की भटकत असेल तर केबलमध्ये किंवा जोडांमध्ये पाणी आहे. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. तांब्यावर हिरवट थर चढतो आणि वरून घट्ट दिसणारा स्क्रू आतून सुटलेला निघतो.

काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सुरळीत फिरतो, पण अँटेना दर वेळी ठरावीक अंश बाजूला असते, अशी तक्रार असेल तर विजेचा दोष शोधण्यात वेळ घालवू नये. वादळात क्लॅम्पमधला नळ घसरला आहे. तिथे पाना लागतो, मल्टिमीटर नाही.

खालच्या खालीच निदान कसं करायचं?

सुरुवात प्लग काढून. बॉक्स नुसता बंद करणं पुरेसं नाही, कारण आत मेन्सचा दाब असतो. मग मागच्या पट्टीवरच्या आठही तारा सोडवाव्यात. त्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. जुन्या केबलचे रंग विटलेले असतात आणि नंतर कुठली तार कुठे होती ते आठवत नाही.

आता बॉक्सला खोटा रोटेटर दाखवायचा. २७० ओहमचे, अर्ध्या वॅटचे दोन सारखे रेझिस्टर घ्यावेत. एक ३ आणि १ यांच्यामध्ये, दुसरा १ आणि ७ यांच्यामध्ये लावावा. बॉक्सच्या दृष्टीने आता वायपर बरोबर मध्यावर आहे. प्लग लावून चालू केल्यावर काटा उत्तरेवर किंवा तिच्या अगदी जवळ थांबला तर बॉक्स निर्दोष. दोष केबलमध्ये किंवा वर आहे. काटा हललाच नाही किंवा पट्टीबाहेर गेला, तर दोष समोर टेबलावरच आहे: फ्यूज, झेनर, कॅलिब्रेशनचं बटण किंवा खुद्द मीटर. जवळपास वीज पडून गेली असेल तर झेनर आधी बघावा. तो स्वस्त भाग आहे आणि बदलायला दहा मिनिटं लागतात. या चाचणीत मोटरची बटणं दाबायची नाहीत, फक्त मीटर बघायचा.

बॉक्स निर्दोष ठरला तर पुन्हा प्लग काढून सुट्या केबलच्या तारा मोजायच्या. ३ ते ७ मध्ये ५०० ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. केबलचे दोन-पाच ओहम त्यात जास्त आले तर हरकत नाही. मग १ ते ३ आणि १ ते ७ मोजून दोन्हींची बेरीज करायची. ती पहिल्या आकड्याच्या जवळ हवी.

समजा ३ ते ७ मध्ये ५०४ ओहम आले, १ ते ३ मध्ये १९० आणि १ ते ७ मध्ये ३६०. बेरीज ५५० झाली, म्हणजे ४६ जास्त. हे ४६ दोनदा मोजलेल्या वाटेवरचे आहेत, कारण दोन्ही मोजण्यांत १ क्रमांकाची तार आणि वायपर समाईक होते. अर्थात त्या वाटेत २३ ओहमचा अडथळा आहे. तो तारेत असता तर ब्रेक सुटलाच नसता, कारण ब्रेकच्या कॉइलचा रोध एक ओहमपेक्षाही कमी असतो. ब्रेक नीट सुटत असेल तर हे २३ ओहम वायपरच्या स्पर्शबिंदूवर आहेत. मीटरला एवढा अडथळा जाणवतही नाही, पण पॉट म्हातारा होतोय याची ही आगाऊ सूचना आहे. टॉवरवर न चढता हे कळणं ही मोठीच सोय.

मल्टिमीटरच्या दोन्ही पिना अदलाबदल करून पुन्हा मोजावं. आकडा लक्षणीय बदलला तर कुठेतरी ओल आणि गंज मिळून छोटी बॅटरी तयार झाली आहे. हेच मोजमाप अँटेना तीस-तीस अंशांनी फिरवून, दर वेळी प्लग काढून पुन्हा केलं की पॉटचा झिजलेला तुकडाही सापडतो. काम कंटाळवाणं आहे, पण टॉवर चढण्यापेक्षा सोपं.

जपानच्या याएसू कंपनीच्या रोटेटरमध्येही पॉटचीच पद्धत असते. तिथे पॉटच्या तीन तारा मोटरपासून वेगळ्या असतात, त्यामुळे ब्रेकवरून निष्कर्ष काढायची युक्ती लागू होत नाही. बेरजेची चाचणी मात्र तशीच चालते. त्यांची काही मॉडेल्स ४५० अंश फिरतात, म्हणजे पूर्ण फेरी आणि वर पाव. खोलून पुन्हा बसवताना आतलं दातेरी चाक आणि पॉट यांचा मेळ चुकला की सगळ्याच दिशा सरकतात.

दुरुस्ती होईपर्यंत अँटेना वापरता येईल का?

हॅम-४ मध्ये येईल. फेरीच्या दोन्ही टोकांना मोटर थांबवणारे लिमिट स्विच रोटेटरच्या आत असतात आणि ते पॉटवर अवलंबून नसतात. अँटेना डावीकडे पूर्ण फिरवून थांबवली की ती दक्षिणेला आहे. तिथून उजवीकडे एक फेरी साधारण एका मिनिटात होते, म्हणजे सेकंदाला सुमारे सहा अंश. घड्याळ लावून पंधरा सेकंदांत पश्चिम, तीस सेकंदांत उत्तर. वारा असेल तर थोडं कमी-जास्त होतं, पण काम भागतं.

संगणकावर चालणाऱ्या, फेरीची मर्यादा पॉटवरूनच ठरवणाऱ्या कंट्रोलरला ही सवलत देऊ नये. पॉट बिघडलेला असेल तर तो अँटेना थांबवणार नाही. कोअॅक्सियल केबल नळाभोवती गुंडाळली जाते आणि शेवटी तुटते.

वर चढावंच लागलं तर?

प्लग काढलेला असावा आणि बॉक्सवर चिठ्ठी लावलेली असावी. वर माणूस असताना खाली कुणी बटण दाबलं, तर अँटेनाचा दांडा त्याला ढकलू शकतो. अंगात पूर्ण सुरक्षा पट्टा हवा आणि खाली दुसरी व्यक्ती. पावसात, वाऱ्यात किंवा ढग गडगडत असताना चढायचं नाही. वर गेल्यावर पहिली नजर तारांच्या पट्टीवर टाकावी. हॅम-४ मध्ये ती रोटेटरच्या तळाशी, खालच्या बाजूला तोंड करून असते. अनेकदा गंजलेला एखादा जोडच सगळ्या त्रासाचं मूळ निघतो. तो घासून, घट्ट करून, ग्रीस लावून काम होतं. पॉट बदलायचा असेल तर मात्र अख्खा रोटेटर खाली उतरवणंच शहाणपणाचं, कारण तो उघडला की आतल्या बेअरिंगच्या गोळ्या निसटतात.

दुरुस्तीनंतर काट्याची जुळवणी करायची. बॉक्स बंद असताना मीटरवरच्या लहान स्क्रूने काटा डाव्या दक्षिणेवर आणायचा. मग अँटेना उजवीकडे टोकापर्यंत नेऊन कॅलिब्रेशनच्या बटणाने काटा उजव्या दक्षिणेवर बसवायचा. काटा मधोमध आला की अँटेना खरोखर उत्तरेला आहे का, हे रात्री बघता येतं. महाराष्ट्रातून ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण १६ ते २२ अंश उंचीवर दिसतो, आणि खऱ्या उत्तरेपासून त्याचा फरक एका अंशाहून कमी असतो. होकायंत्रही चालतं, कारण महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फारसं अंतर नाही. फक्त ते टॉवरच्या लोखंडापासून पंधरा-वीस पावलं लांब उभं राहून वापरावं.