कडुनिंबजन्य कीडनाशके

कडुनिंब (ॲझाडिरॅक्टा इंडिका; कुल मेलिएसी) या वृक्षाच्या बियांपासून काढलेली व पिकांवरील किडींच्या नियंत्रणासाठी वापरली जाणारी द्रव्ये. धान्याच्या कणग्यांत कडुनिंबाचा पाला घालण्याची आणि निंबोळीची पेंड शेतात टाकण्याची चाल भारतात फार जुनी आहे. हे ज्ञान घरोघर होते. मात्र त्याची मोजमापासह लेखी नोंद क्वचितच केली जाई. या उणिवेला पुढे अनपेक्षित महत्त्व आले.

सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९४२ मध्ये निंबोळीच्या तेलातून निंबिन, निंबिनिन व निंबिडीन ही कडू द्रव्ये अलग केली. परंतु लवकरच डीडीटीसारख्या संश्लेषित कीटकनाशकांचा प्रसार झाला आणि वनस्पतिजन्य द्रव्ये मागे पडली. त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले ते टोळांमुळे. १९५९ मध्ये सूदानात टोळधाडीनंतर कडुनिंबाची झाडे तेवढी हिरवी राहिल्याचे जर्मन कीटकवैज्ञानिक हाइन्रिख श्मुटरर यांना आढळले. १९६२ मध्ये दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेतील एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराची पूड पाण्यात कालवून पिकांवर फवारली. टोळ त्या पिकांवर उतरले, पण ती न खाताच निघून गेले. कीटकाला न मारताही पीक वाचविता येते, हे यावरून दिसून आले.

या गुणाचे प्रमुख कारण असलेले ॲझाडिरॅक्टिन हे संयुग इंग्लंडमधील कील विद्यापीठात बटरवर्थ व मॉर्गन यांनी १९६८ मध्ये अलग केले. त्याची रेणवीय संरचना निश्चित होण्यास १९८७ साल उजाडले. केंब्रिज येथे स्टीव्हन ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्याचे संश्लेषण केले. तथापि त्यासाठी ७१ पायऱ्या लागल्याने व्यापारी उत्पादनाकरिता झाडाच्या बीलाच पर्याय उरला नाही. ॲझाडिरॅक्टिनामुळे कीटकांची भूक मंदावते, तसेच संप्रेरकांच्या कार्यात अडथळा येऊन अळ्यांना कात टाकता येत नाही. परिणाम सावकाश दिसतो आणि सूर्यप्रकाशात हे संयुग लवकर विघटित होते. त्यामुळे जमिनीत अवशेष साचत नाहीत, पण फवारणी वारंवार करावी लागते. महाराष्ट्रात ५ किग्रॅ. निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, १०० लिटर द्राव करण्याची पद्धत रूढ आहे. नैसर्गिक म्हणून हे पदार्थ सर्वथा निरुपद्रवी मात्र नव्हेत; निंबोळीचे तेल पोटात गेल्याने लहान मुलांना गंभीर विषबाधा झालेली आहे.

१९९४ मध्ये यूरोपीय एकस्व कार्यालयाने अमेरिकेचे कृषी खाते व डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना, निंबोळीच्या तेलाने वनस्पतींवरील कवकांचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीसाठी एकस्व म्हणजे पेटंट दिले. १९९५ मध्ये वंदना शिवा, यूरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्डा आल्व्हूत आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी त्याला हरकत घेतली. परंपरेच्या दाखल्यांपेक्षा पुणे व सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात झालेल्या क्षेत्रीय चाचण्यांचा पुरावा येथे अधिक उपयोगी पडला. मे २००० मध्ये एकस्व रद्द झाले व मार्च २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले गेले. कडुनिंबाविषयीच्या अन्य एकस्वांना हा निर्णय लागू नव्हता.