पांढऱ्या पेशी जंतू कसा ओळखतात?

रक्ताच्या रिपोर्टवर पांढऱ्या पेशी 16,000 आणि सीआरपी वाढलेला दिसला की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, पेशी एवढ्या का वाढल्या?" मोठ्या माणसांत ही संख्या साधारणपणे 4,000 ते 11,000 असते. ती वाढण्याची कारणे अनेक आहेत, पण सोबत ताप असेल तर बहुधा शरीरात जंतुसंसर्ग झालेला असतो आणि पांढऱ्या पेशींना तो कळलेला असतो. पेशीला ना डोळे, ना मेंदू. मग तिला कळते कसे?

पांढऱ्या पेशींच्या आवरणावर आणि काही पेशींच्या आतही विशिष्ट प्रथिने असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्यांपैकी सर्वांत जास्त अभ्यास झालेला गट म्हणजे 'टोल-लाइक रिसेप्टर' किंवा टीएलआर. माणसात ते 10 प्रकारचे आहेत. आपल्या पेशींत सहसा नसलेले, पण जंतूंना सहज टाकून देता न येणारे भाग ते ओळखतात. ई. कोलाय किंवा टायफॉइडच्या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो, तो टीएलआर-4 ओळखतो. जिवाणूची पोहण्याची शेपटी टीएलआर-5 ला कळते, तर काही विषाणूंचा आरएनए टीएलआर-3, 7 आणि 8 ला.

टोल हे जनुक आधी सापडले ते फळमाशीत. ते बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात, हे ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने 1996 मध्ये दाखवले. दोन वर्षांनी ब्रूस ब्यूटलर यांनी उंदरांत टीएलआर-4 चे काम उलगडले. 2011 च्या नोबेल पारितोषिकात या दोघांचा वाटा होता.

ओळख पटल्यावर काय होते?

रिसेप्टरला जंतूचा भाग चिकटला की पेशीच्या आत निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो. शेवटी एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन केंद्रकात शिरून बचावाची जनुके चालू करते. मग टीएनएफ, इंटरल्युकिन-1, इंटरल्युकिन-6 असे संदेशवाहक पदार्थ रक्तात उतरतात. रुग्णाला जाणवणारा बराचसा त्रास याच पदार्थांचा असतो. मेंदूतील तापमान-नियंत्रक वरच्या आकड्यावर बसतो, म्हणून थंडी वाजून ताप येतो. इंटरल्युकिन-6 मुळे यकृत सीआरपी बनवते. अस्थिमज्जा साठवलेल्या न्यूट्रोफिल पेशी रक्तात सोडते, म्हणून संख्या वाढते. काही पेशी जंतूचे तुकडे जवळच्या लसिकाग्रंथीपर्यंत नेतात आणि तिथे प्रतिपिंडांची तयारी सुरू होते. घसा दुखताना मानेत गाठ लागते ती यामुळेच.

पॅरासिटामॉलने ताप उतरतो; जंतू जात नाही. हे दोन्ही एकच समजून उपचार थांबवणारे बरेच असतात.

यंत्रणा कमी किंवा जास्त चालली तर?

आयआरएके-4 किंवा मायडी-88 या निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांत जन्मजात दोष असलेली मुले क्वचित आढळतात. त्यांना न्यूमोकॉकससारख्या जिवाणूंचे गंभीर संसर्ग वारंवार होतात आणि अशा वेळी तापही फारसा येत नाही.

उलट बाजू सेप्सिसची. शरीराचा प्रतिसाद आवाक्याबाहेर गेला की रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून द्रव पाझरतो, रक्तदाब घसरतो आणि अवयव निकामी होऊ लागतात. मग टीएलआर-4 बंदच केला तर? एरिटोरान या औषधाने तसा प्रयत्न झाला, पण 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणूनच 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' पुड्या-काढ्यांच्या जाहिराती पाहून मला नवल वाटते. नेमके काय वाढवायचे, हे त्यांत कधीच लिहिलेले नसते.

लशींत मात्र या ज्ञानाचा नेमका उपयोग झाला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या सहभागाने तयार झालेल्या कोव्हॅक्सिनमध्ये टीएलआर-7 आणि 8 ला जागे करणारा घटक आहे.

घरी काय लक्षात ठेवावे?

तापासोबत गोंधळल्यासारखे बोलणे, जोरजोरात श्वास, लघवी खूप कमी होणे, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. वयस्कर माणसांत आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत गंभीर संसर्गातही ताप नसू शकतो. संधिवातासाठी टोसिलिझुमॅब घेणाऱ्यांत इंटरल्युकिन-6 चे काम अडवलेले असते, त्यामुळे सीआरपी नॉर्मल आला तरी निर्धास्त राहू नका. डॉक्टरांना औषधाचे नाव आधी सांगा. केमोथेरपी चालू असताना 100.4 फॅरनहाइट ताप आला तर सकाळची वाट न पाहता लगेच कर्करोगतज्ज्ञांना फोन करा आणि निघा.