वळीव आणि सरकारी दप्तर

ज्या दिवसांत शहरातली माणसे संध्याकाळी मांडवात व्याख्यान ऐकायला जमतात, त्याच दिवसांत आणि जवळजवळ त्याच वेळेस खेड्यांवर वळवाचे ढग चढत असतात. इथे मांडव भिजला तर व्याख्यान दुसऱ्या दिवशी होते. तिकडे कडब्याची गंजी भिजली तर वर्षाची वैरण काळी पडते.

दुष्काळाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. 1876 ते 78 च्या दुष्काळानंतर आयोग नेमला गेला, अहवाल छापले गेले. वळवाचा इतिहास मात्र कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. याचे कारण वळवाच्या स्वभावात जितके आहे, तितकेच हिशेब ठेवणाराच्या चोपडीतही आहे, असे आमचे मत आहे.

स्वभाव प्रथम पाहू. चैत्र-वैशाखात जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते. अशा वेळी समुद्राकडून आलेल्या दमट वाऱ्याची वरच्या कोरड्या वाऱ्याशी गाठ पडली, की दुपारी तीन-चारच्या सुमारास दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग बघता बघता उभा राहतो. तासाभरात सारा खेळ आटोपतो. वरच्या शिवारात गारांचा खच पडतो आणि खालच्या शिवारात नुसती धूळ उडते. शेतकरी या पावसाची वाट पाहतो, आणि त्याला भितोही. नांगरून टाकलेल्या रानातली ढेकळे वळवाने विरघळतात, कुळव सुखाने चालतो, मृगाआधी रान तयार होते. पण तोच वळीव घरावरची कौले उडवतो, आंब्याखाली कैऱ्यांचा सडा घालतो आणि झाडाच्या आडोशाला उभ्या राहिलेल्या माणसावर वीज पाडतो.

आता चोपडीकडे वळू. मराठेशाहीत पीक बुडाले तर पाहणी करून वसुलीत सूट देण्याची वहिवाट होती. तो काळ रामराज्याचा होता असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी महालांचे मक्ते बोली लावून दिले जात, आणि मक्तेदाराला गारपिटीची दया येण्याचे कारण नव्हते. परंतु त्या वर्षीचे पीक डोळ्यांनी पाहावे, हे तत्त्व तरी होते. इंग्रजांनी ते मोडले. 1836 साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात जी पद्धत सुरू केली, तिच्यात जमिनीचा कस पाहून सारा रोख ठरे, तो तीस वर्षांसाठी. चांगल्या सालात शिल्लक टाकावी आणि वाईट सालात ती वापरावी, असे त्यामागचे गणित होते. कागदावर ते बिनचूक आहे. प्रत्यक्षात शिल्लक सावकाराच्या घरी जमत होती आणि वाईट साल तेवढे कुणब्याच्या घरी येत होते.

1875 हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी 12 मे रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खाती-रोखे जाळले. त्याच वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमालेचा आरंभ झाला, आणि त्याच वर्षी सरकारने हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन केले. वीज आणि वादळ मोजायला माणूस नेमला गेला. त्यांनी केलेले नुकसान मोजण्याची रीत मात्र तशीच अपुरी राहिली.

ती रीत म्हणजे आणेवारी, जिला पुढे पैसेवारी म्हणू लागले. साऱ्या गावाचे पीक रुपयात किती आणे, असा तिचा अंदाज. अवर्षण सगळ्या गावावर सारखे पडते, तेव्हा हा अंदाज निदान काही कामाचा. गारपीट गावाचा एक कोपरा झोडपून जाते, आणि उरलेल्या गावाच्या पिकाने तो कोपरा सरासरीत बुजून जातो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली, ती इतकी दूरवर पसरली की तिच्याकडे दुर्लक्ष करणे कोणालाच शक्य नव्हते. 2016 च्या पीकविमा योजनेत गारपिटीसाठी एकेका शेताची पाहणी धरली गेली. शेतकऱ्याने 48 तासांत कळवायचे होते. एका शिवाराचे दुःख स्वतंत्र मोजावे, ही गोष्ट मान्य व्हायला इतकी वर्षे गेली.

आणि तरीही ही सारी मोजणी सातबाऱ्याची. ज्याच्या नावावर जमीन, त्याचा पंचनामा. आम्ही संघटनेच्या कामात ज्यांच्यात वावरलो, त्यांच्या नावावर बहुधा काहीच नसते. वीटभट्टीवरचा मजूर घ्या. त्याला मजुरी हजार विटांमागे मिळते, आणि हंगामाआधी घेतलेली उचल त्यातून फिटते. वाळत घातलेल्या कच्च्या विटांवर वळीव पडला की त्यांचा पुन्हा चिखल होतो. नवरा-बायकोने आणि लेकरांनी मिळून थापलेल्या त्या विटा मालक पुष्कळदा हिशेबात धरीत नाही, कारण त्या भट्टीत गेल्याच नाहीत! उचल मात्र जशीच्या तशी उभी. मिठागरातल्या मजुराची तीच तऱ्हा. मीठ पिकते ते उन्हावर, आणि ऐन मेमधली एक सर वाफ्यातले मीठ विरघळवून टाकते. या नुकसानीला तलाठ्याच्या दप्तरात रकाना नाही.

विजेचा प्रश्न याहून कठीण. आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मेल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यांत रानात राबणारेच फार. 1923 साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला तो गिरण्या, खाणी, रेल्वे, गोद्या यांच्यासाठी. विळा घेऊन रानात उभ्या असलेल्या बाईचा त्यात विचार नव्हता. विजेचा आगाऊ इशारा देणारी 'दामिनी' नावाची सोय पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने करून दिली आहे. ती आता मोबाईलवर मिळते, आणि हे काम मोठे आहे यात शंका नाही.

परंतु इशारा आला म्हणून दुपारी तीन वाजता खुरपे टाकून बायका गावाकडे निघाल्या, तर त्या दिवसाची मजुरी अर्धी की पुरी? आमच्या बैठकांतून बाया हेच विचारतात. शेतमालक म्हणतो, त्याचेही आज नुकसानच झाले आहे, आणि ते खोटे नसते. किमान वेतनाच्या दरपत्रकात दिवसाचा दर छापलेला असतो. ढग आल्यावर सोडलेल्या कामाचा दर त्यात आम्हांला अजून कोठे सापडलेला नाही.